सायकलच्या टू-स्ट्रोक इंजिनचा त्रास: चालू होत नाही, मिसिंग मारतं, तेव्हा कुठे हात घालायचा

सायकलच्या फ्रेममध्ये बसणारं, पेडल मारून चालू होणारं टू-स्ट्रोक किट बाजारात दोन मापांत मिळतं: ४८ सीसी आणि ६६ सीसी. खोक्यावर '८० सीसी' छापलेलं असलं तरी ४७ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ३८ मिमी स्ट्रोकचा (पिस्टनच्या वर-खाली चालीचा) हिशेब केला की ६६च भरतात. या इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, बॅटरी नाही, ऑइल पंप नाही. त्यामुळे बिघाड लपायला जागा फार थोड्या. तरीही नवीन माणूस कंटाळतो, कारण पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूला जातो. करंट कमी असताना किंवा इंजिन कुठून तरी हवा ओढत असताना कार्बोरेटर फिरवला, की मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात सेटिंगचा नवा दोष मिसळतो.

म्हणून क्रम ठरवून घ्या: आधी करंट (म्हणजे प्लगची ठिणगी), मग पेट्रोल, मग हवेची गळती, त्यानंतर कार्बोरेटरचं सेटिंग, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. एका वेळी एकच बदल करा, इंजिन चालवून बघा, मगच पुढे जा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चारपेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन 'मोटार वाहन' धरलं जात नाही. ४८ आणि ६६ सीसी त्या मर्यादेच्या बाहेर आहेत, म्हणजे नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर चालत नाहीत. चाचणी शेतात, आवारात किंवा खासगी जागेतच घ्या.

चालू करण्याची पद्धत बरोबर आहे ना?

बऱ्याचदा इंजिनात काहीच बिघाड नसतो, चालू करण्याची पद्धत चुकत असते. थंड इंजिनासाठी पेट्रोलचा कॉक उघडून अर्धा-एक मिनिट थांबा, म्हणजे कार्बोरेटरची वाटी भरते. कार्बोरेटरच्या बाजूला एक छोटं बटण असतं, ते दोन-तीनदा दाबा. पेट्रोल जरासं पाझरलं की पुरे. या किटसोबत येणाऱ्या एनटी कार्बोरेटरमध्ये चोकची दांडी वर केली की चोक लागतो, खाली केली की सुटतो. हे उलटं समजून महिनाभर झगडणारे लोक आहेत.

आता क्लच दाबून सायकलला वेग द्या, ताशी १०-१२ किलोमीटरचा तरी. मग क्लच एकदम सोडा, रेस जेमतेम पाव द्या. इंजिन धरलं की पंधरा-वीस सेकंदांत चोक हळूहळू खाली आणा. गरम इंजिनाला चोक लावू नका आणि बटणही दाबू नका, नाहीतर ते ओव्हर होतं.

ओव्हर झालं, म्हणजे प्लग पेट्रोलने ओला झाला, तर पुन्हा पुन्हा पेडल मारून उपयोग नाही. कॉक बंद करा, प्लग काढा, रेस पूर्ण उघडी ठेवा आणि क्लच सोडलेल्या स्थितीत सायकल दहा-पंधरा मीटर ढकला. आतलं जादा पेट्रोल प्लगच्या भोकातून बाहेर फेकलं जाईल. हे करताना प्लग कॅपमध्ये बसवून त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा. प्लग अधांतरी ठेवून इंजिन फिरवलं तर करंटला इंजिनाच्या धातूतून परतीची वाट मिळत नाही आणि सीडीआय (प्लगला ठिणगीचा करंट देणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा) निकामी होतो. पण ठिणगी भोकाजवळ पडता कामा नये, कारण तिथून पेट्रोलची वाफ येत असते. म्हणून प्लग भोकापासून लांब, मागच्या बाजूला टेकवा.

करंट

किटसोबत आलेला प्लग आणि प्लग कॅप दोन्ही बदलून टाका. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा खर्च आहे. प्लगचा आटा १४ मिमीचा, आट्याची लांबी १२.७ मिमी, म्हणजे एनजीकेचा बी-६-एच-एस किंवा बीपी-६-एच-एस बसतो. लांब आट्याचा प्लग चुकूनही लावू नका, पिस्टनवर आदळेल. गॅप फिलर गेजने ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. नवीन प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. इंजिनाचं डोकं (सिलिंडरवरचं झाकण) ॲल्युमिनियमचं आहे, जोर लावलात तर आटे जातील.

आता ठिणगी बघा. अंधाऱ्या जागी प्लग डोक्याला टेकवून चाक फिरवलं की निळसर, टणक आवाजाची ठिणगी दिसायला हवी. पिवळी, बारीक किंवा मधूनच गायब होणारी ठिणगी असेल तर पुढची तपासणी याच क्रमाने करा.

आधी किल स्विचची (इंजिन बंद करायच्या स्विचची) तार काढून ठेवा आणि पुन्हा बघा. हँडलवरच्या स्विचमध्ये पाणी गेलं किंवा तार फ्रेमला घासून उघडी पडली, की तो स्विच अर्धवट 'बंद'वरच राहतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, 'कालपर्यंत चालत होती, आज करंटच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

मग मॅग्नेटच्या (फिरत्या चुंबकाने वीज तयार करणाऱ्या भागाच्या) तारा. इंजिनातून तीन तारा येतात: निळी, काळी आणि पांढरी. निळी सीडीआयच्या निळीला, काळी काळीला. किल स्विचची एक तार निळीला, दुसरी काळीला. पांढरी तार दिव्यासाठी असते. तिला काहीही जोडू नका, टोकाला टेप लावून मोकळी सोडा, कारण तिच्यातून वीज घेतली की ठिणगीचा जोर कमी होतो. काही किटच्या कागदावर किल स्विच पांढरीला जोडायला सांगितलेलं असतं, तिकडे लक्ष देऊ नका.

सोबत येणारे गोळीसारखे जोड सैल असतात आणि इंजिनाच्या थरथरीने आणखी सैल होतात. ते कापून तारा डाग देऊन (सोल्डर करून) जोडा, वरून हीट-श्रिंक नळी चढवा. मिसिंग मारणाऱ्या कितीतरी इंजिनांचं काम एवढ्यावरच भागतं.

एवढं करूनही ठिणगी येत नसेल तर मल्टीमीटर ओहमवर ठेवून, सीडीआयपासून तारा सोडवून, निळी आणि काळीमधला रोध मोजा. चांगली कॉइल साधारण ३०० ते ४०० ओहम दाखवते. शून्याजवळ आकडा आला तर कॉइल आतून शॉर्ट आहे, काहीच आकडा येत नसेल तर तार तुटली आहे. कॉइल ठीक आणि जोड ठीक असतील तर राहिला सीडीआय. त्याची घरच्या घरी खात्रीची परीक्षा एकच: दुसरा चांगला सीडीआय लावून बघणं.

मॅग्नेटचं झाकण उघडलंच आहे तर आत पाणी किंवा गंज आहे का ते बघा. तारा जिथून बाहेर येतात त्या भोकातून पावसाचं पाणी आत जातं. तिथे सिलिकॉन भरा. मॅग्नेटचा रोटर (फिरणारं चुंबक) हाताने हलवून बघा. तो क्रँकच्या दांड्यावर सैल असेल आणि आतली चावी कापली गेली असेल, तर ठिणगी चांगली पडूनही वेळ चुकते, आणि इंजिन फटाके मारतं पण चालू होत नाही.

पेट्रोल आणि तेल

तेल पेट्रोलमध्ये मिसळूनच टाकायचं, कारण बेअरिंग आणि पिस्टनला दुसरीकडून तेल मिळत नाही. पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत १६:१, म्हणजे १ लिटर पेट्रोलला सुमारे ६० मिली टू-टी (टू-स्ट्रोकसाठीचं) तेल. त्यानंतर २०:१ ते २५:१, म्हणजे ५० ते ४० मिली. डब्यावर जासो (तेलाचं जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जा लिहिलेलं टू-टी घ्या. चारचाकीचं किंवा फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल चालत नाही, ते नीट जळत नाही आणि प्लग काळा करतं. मिश्रण वेगळ्या डब्यात हलवून मग टाकीत ओता. थेट टाकीत तेल ओतलं तर ते तळाला बसतं आणि पहिला घोट निव्वळ तेलाचा जातो.

आजच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. याचे दोन परिणाम या इंजिनावर होतात. एक, इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला जमतं. महिना-दोन महिने टाकीत पडून राहिलेल्या मिश्रणावर इंजिन चालू होत नाही ते यामुळेच. असं पेट्रोल काढून टाका आणि नवीन भरा. इंजिन पंधरवड्याहून जास्त बंद ठेवायचं असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा. दुसरं, तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा ७-८ टक्के जास्त इंधन लागतं. त्यामुळे जुन्या सेटिंगवर हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं (उलट झालं की मिश्रण घट्ट). हे पुढे सेटिंगच्या वेळी लक्षात ठेवा.

आता प्रवाह. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार अखंड पडायला हवी. थेंब थेंब पडत असेल तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा बघा. झाकण उघडल्यावर धार सुधारली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. अशी सायकल पाच-दहा मिनिटं छान चालते, मग गुदमरून बंद पडते, आणि थोडं थांबल्यावर पुन्हा चालू होते. टाचणीने भोक मोकळं करा. झाकण उघडूनही धार बारीकच असेल तर कॉकची आतली जाळी काढून धुवा. नव्या टाकीतही वेल्डिंगचा कचरा आणि गंज असतो, म्हणून नळीत छोटा फिल्टर लावा. नळी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सतत उतरती हवी. मध्ये वर चढणारा वळसा असला की तिथे हवेचा बुडबुडा अडकतो.

हवेची गळती

सगळ्यात जास्त फसवणारा दोष हाच, म्हणून इथे वेळ घालवा.

टू-स्ट्रोक इंजिन खालच्या क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या बंद पोकळीत) मिश्रण ओढून घेतं आणि तिथून वर ढकलतं. त्यामुळे कार्बोरेटर सोडून दुसऱ्या कुठल्याही फटीतून आत शिरलेली हवा मिश्रण पातळ करते. लक्षणं अशी: थंड असताना चोकशिवाय अजिबात चालत नाही. चालू झालं की रेस सोडल्यावरही आवाज खाली यायला वेळ लागतो. आयडलिंग कधी वर, कधी खाली. उतारावर फट-फट आवाज. प्लग काढून बघितला तर टोक पांढरंफटक. पातळ मिश्रणाने इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो, म्हणून असं इंजिन 'चालतंय ना' म्हणून पळवत राहू नका.

तपासायला साबणाच्या पाण्याचा फवारा पुरतो. इंजिन चालू ठेवून एकेका जोडावर थोडं थोडं फवारा: कार्बोरेटर जिथे इनटेक नळीवर बसतो तिथे, नळी सिलिंडरला लागते तिथे, सिलिंडरच्या तळाच्या पॅकिंगला. फवारताच आवाज बदलला, इंजिन दबलं किंवा अडखळलं, तर गळती तिथेच. ब्रेक क्लीनर किंवा पेट्रोल फवारू नका, शेजारीच तापलेला सायलेन्सर आहे.

पहिला संशय कार्बोरेटर आणि इनटेक नळीच्या जोडावर. एनटी कार्बोरेटर नळीवर सरकवून एका स्क्रूच्या पट्ट्याने आवळतात. आत एक सीलची रिंग असते, ती कधी खोक्यातच राहून जाते, कधी तुटलेली असते. ती नसेल तर आतल्या मापाची ओ-रिंग बसवा. कार्बोरेटर शेवटपर्यंत आत ढकला आणि मगच स्क्रू आवळा. पट्ट्याच्या चिरेतूनही हवा जाते, म्हणून आवळल्यावर चीर पेट्रोल सहन करणाऱ्या सीलंटने बुजवा. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि सुटतं.

दुसरा संशय इनटेकच्या पॅकिंगवर. नळीचा चेहरा बहुतेक वेळा सपाट नसतो. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, थोडं पाणी घालून, चेहरा गोल गोल घासा. सगळीकडे सारखी चमक आली की सपाट झाला. पातळ कागदी पॅकिंग टाकून चांगल्या पॅकिंग शीटमधून नवीन कापा. आतलं भोक नळीच्या भोकापेक्षा लहान राहता कामा नये. दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा.

तिसरा संशय क्रँकच्या ऑइल सीलवर. एक सील मॅग्नेटच्या रोटरमागे, दुसरं क्लचच्या बाजूच्या छोट्या गिअरमागे. मॅग्नेटच्या झाकणात तेलकट ओल दिसली तर त्या बाजूचं सील गेलं. रोटर पुलरनेच काढा. हातोडी किंवा पेचकस लावून उचकटलं तर रोटरही जातो आणि दांडाही.

कार्बोरेटर

गळती नाही, करंट ठीक, पेट्रोल येतंय, आता कार्बोरेटर उघडायला हरकत नाही. खालची वाटी काढा. फ्लोट कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर फ्लोट फुटका आहे. कार्बोरेटरमधून सतत पेट्रोल गळत असेल तर फ्लोटच्या पिनखाली कचरा आहे, किंवा अख्खा कार्बोरेटर तिरका बसला आहे. वाटी जमिनीला समांतर असायला हवी.

जेट (बारीक भोकाचा, पेट्रोल मोजून सोडणारा छोटा भाग) काढून उजेडात धरा. गोल, स्वच्छ भोक दिसायला हवं. साफ करायला तांब्याच्या तारेचा एकच बारीक धागा वापरा, टाचणी किंवा स्टीलची तार घातली तर भोक मोठं होतं आणि तो जेट कायमचा बिघडतो.

रेसची नळकांडी म्हणजे स्लाइड परत बसवताना तिचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला हवा. उलटी बसली तर रेस उघडीच राहते आणि चालू होताच इंजिन किंचाळतं. बसवल्यावर रेस पूर्ण फिरवून सोडा, स्लाइड टक् आवाज करून खाली पडायला हवी.

मिश्रण घट्ट आहे की पातळ, हे चोक सांगतो. गरम इंजिन अर्ध्या रेसवर चालवत चोक थोडा वर करा. चाल सुधारली तर मिश्रण पातळ, बिघडली तर बरोबर किंवा घट्ट. दुसरी परीक्षा: चालत असताना कॉक बंद करा. वाटी रिकामी होत येताना, बंद पडण्याआधी क्षणभर इंजिन जर मोकळं, जोरात धावलं, तर मिश्रण घट्ट आहे. घट्ट मिश्रणाचा आवाज एक-आड-एक ठोक्यासारखा, भरडल्यासारखा येतो, धूर जास्त आणि प्लग काळा, ओला.

अर्ध्या रेसवरचं मिश्रण स्लाइडमधल्या सुईची क्लिप ठरवते. क्लिप वरच्या खाचेत घातली की सुई खाली जाते आणि पेट्रोल कमी होतं. खालच्या खाचेत घातली की वाढतं. एकेकच खाच बदला. पूर्ण रेसवर मुख्य जेट बोलतो. तिथे पातळ वाटलं, आणि इथेनॉलमुळे वाटण्याची शक्यता आहे, तर एक माप मोठा जेट घ्या. उंचीचाही परिणाम होतो. मुंबईत बरोबर चालणारं सेटिंग साधारण ५६० मीटरवरच्या पुण्यात किंचित घट्ट वाटेल, आणि १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात स्पष्टपणे घट्ट. तिथे क्लिप एक खाच वर.

सेटिंग झाल्यावर पूर्ण रेसवर थोडं अंतर पळवून किल स्विच आणि क्लच एकदम दाबा, थांबा आणि प्लग बघा. टोक तांबूस-तपकिरी असेल तर बरोबर. पांढरं असेल तर पुन्हा हवेची गळती तपासा, लगेच जेट बदलू नका. एअर फिल्टरचा स्पंज साबणाने धुऊन, वाळवून, हलकं तेल लावून बसवा.

इंजिनाचा वाटणारा पण इंजिनाचा नसलेला त्रास

प्रत्येक चाकाच्या फेऱ्याला एकदा झटका बसत असेल तर तो मिसिंगचा नाही, मागचा ४४ दातांचा स्प्रॉकेट वाकडा बसला आहे. चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली लागते. आरे आणि स्प्रॉकेटमधले बोल्ट आलटून पालटून आवळून तो मध्यावर आणा.

पेडल मारताना क्लच सोडूनही इंजिन फिरत नसेल तर क्लच घसरतोय. केबलमध्ये दांडीजवळ २-३ मिमी ढिलाई ठेवा. चढावर जोर नाही, पण सपाटीवर बरं चालतं, असं असेल तर सायलेन्सरचं टोक उघडून काजळी काढा. टू-स्ट्रोकमध्ये ती लवकर जमते, तेल जास्त असेल तर आणखी लवकर. इंजिनाखाली रबर लावू नका. रबरावर इंजिन नाचतं, बोल्ट तुटतात आणि वाटीतलं पेट्रोल फेसाळून मिसिंग येतं. धातूवर धातू घट्ट बसवा.

कॉम्प्रेशन

प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावा, रेस पूर्ण उघडी ठेवा आणि इंजिन फिरवा. ९० पीएसआयच्या वर असेल तर चांगलं. ७०च्या खाली चालू करायला त्रास होणारच. नवीन इंजिनाच्या रिंगा बोअरला बसायला काही शे किलोमीटर लागतात, तोवर आकडा कमी दिसला तर घाबरू नका. जुन्या इंजिनात प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या. चढला नाही तर डोक्याच्या पॅकिंगमधून गळती आहे, तिथे काळा तेलकट डाग दिसतो.

डोक्याचे नट इंजिन थंड असताना, समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन टप्प्यांत आवळा. ६ मिमी स्टडला १० न्यूटन-मीटरच्या आसपास, ८ मिमीला १६च्या आसपास. किटचे स्टड नरम असतात, हातच्या अंदाजाने आवळले तर तुटतात. नवीन पॅकिंग टाकल्यावर इंजिन एकदा पूर्ण तापवा, रात्रभर थंड होऊ द्या आणि तेच आकडे पुन्हा तपासा. पॅकिंग दबलेलं असतं, नट थोडे फिरतातच.